पाकिटावरचं नाव

बहात्तरच्या दुष्काळात वारंगा फाट्यावर तीन कॅथलिक सिस्टर आल्या. दोघी समुद्रापलीकडच्या, एक केरळची. सरकीच्या रिकाम्या गोदामात पत्र्याचा आडोसा करून त्यांनी दवाखाना काढला. शेजारीच आमची माय दुष्काळी कामावर खडी फोडायची, म्हणून त्यांची सुरुवात आम्ही पहिल्या दिवसापासून बघितली. त्यांच्यातली म्हातारी, जिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, बायांचे फुटलेले हात स्वतःच्या हातांनी धुवायची. आमचे हात! गावात आमच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून पडायचं.

माझी थोरली बहीण, अक्का, तिथं सुया उकळायला जाऊ लागली. चार वर्षांत गोदामाच्या जागी विटांचं घर झालं, तिघींच्या सात झाल्या, मागं मुलींचं वसतिगृह उभं राहिलं. आणि एक दिवस अक्का म्हणाली, "मी बी सिस्टर होणार."

मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात. संतापलो आणि पत्रक छापलं. मथळा होता, 'सुकडीच्या बदल्यात लेकी', दुष्काळात वाटलेल्या गोड भाजक्या पिठावरून. फाट्यावरच्या हॉटेलात बाकड्या-बाकड्यांवर वाटलं. त्यात लिहिलं होतं की ह्या बाया एकदा मुलगी आत गेली की आईबापाच्या मरणालाही तिला सोडत नाहीत. कुणाकडून ऐकलं, ते मला आज आठवत नाही. छापलं, एवढं खरं.

अक्कानं ते उभ्याउभ्या वाचलं. "एक चूक हाय," ती म्हणाली. "सुकडी सरकारची होती. ह्यांच्यापाशी मला नुसत्या सुया भेटल्या."

माय हसली. मला हसू आलं नाही.

खरं भांडण नावावरून झालं. त्यांच्यात झगा घेताना नवीन नाव घ्यावं लागतं, कुणा संताचं. आमचा बाप छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला तो घरातल्या सगळ्यांची नावं बदलूनच. अक्काचं आधीचं नाव हाक मारणाऱ्यालाही लाज वाटावी असं होतं. बापानं तिला बुद्धाच्या गोष्टीतलं नाव दिलं. त्यानं मागं दुसरं काही ठेवलं नाही.

"बाबानं दिलेलं नाव टाकून देतीस?" मी म्हणालो.

"बाबानं बी माझं नाव बदललंच की. तवा काहून न्हाई भांडलास?"

"तवा मी जन्मलोच नव्हतो!"

"म्हून तर तवा घरात शांतता होती," अक्का म्हणाली.

ती गेली. आधी केरळात, मग थेट समुद्रापलीकडं, त्यांच्या मूळ मठात. ज्या घरातून तिघी निघून आमच्या फाट्यावर आल्या होत्या, त्या घरात आता आमच्या वस्तीतली एक पोरगी जेवायला बसत होती. मायला याचा अभिमान होता. मला नव्हता.

मायची पत्रं मी लिहायचो. पत्ता मात्र मोठ्या सिस्टर घालायच्या. माय कागद घेऊन फाट्यापर्यंत चालत जायची. अक्का प्रत्येक पत्रात बजावायची, पाकिटावर इथलं नाव लिहीत जा, इथं मला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही.

मग मायच्या पोटात गाठ निघाली. तिचं चालणं बंद झालं. ती म्हणाली, "तिला बोलाव. एकदा बघते."

त्या साली विद्यापीठाच्या नामांतरासाठी आम्ही गावोगाव फिरत होतो, नावासाठी मार खात होतो. आणि त्या बायांच्या दारात पत्ता घालून घ्यायला मी जाऊ? मी घरीच पाकीट घेतलं. अक्काच्या जुन्या पाकिटावरून मठाचा पत्ता अक्षर अक्षर बघून उतरवला. वर नाव लिहिलं ते बापानं दिलेलं. ठळक. खाली रेघसुद्धा ओढली. हिंगोलीच्या पोस्टात स्वतः टाकलं.

माय रोज विचारायची, "आली का?"

"येऊन राहिली माय. लांबचा पल्ला हाय."

एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला की ती मान वळवायची. शेवटी मान वळेना, नुसते डोळे दाराकडं जायचे.

माय गेली. तिचा जलदान विधी झाल्यावर पाकीट परत आलं. न फोडलेलं. वर परक्या भाषेतला शिक्का. हिंगोलीच्या पोस्टातल्या बाबूनं अर्थ सांगितला. असं कुणी इथं राहत नाही.

मी ते घेऊन तडक मोठ्या सिस्टरपुढं जाऊन उभा राहिलो, भांडायलाच. तिनं पाकीट बघितलं. नावाखालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"तुम्ही इथे का नाही आले?" ती म्हणाली. "आई आजारी, तर आम्ही पाठवतो. आम्ही तिला पाठवले असते."

नवीन नावाचा त्यांचा नियम मला आजही पटत नाही. पण मायला त्या नियमानं नाही फसवलं.

तिथंच बसून मी दुसरं पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाकिटावर अक्काचं ते दुसरं नाव माझ्या अक्षरात लिहिलं. आत मात्र खोटं लिहिलं. माय अचानक गेली, कुणाला काही कळायच्या आत. चौकात उभं राहून मोठमोठ्यांना खोटारडे म्हणणारा मी.

अक्काचं उत्तर आलं. शेवटची ओळ होती, "बरं झालं, तिला वाट बघावी लागली नाही."

न्हाई अक्का. माय वाट बघत होती. रोज.