सक्तीचा रकाना

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या सेंटरच्या ईमेलवर चौदा पानांचा अर्ज आला. जस्टिस अडेलाइड म्वाले यांना पॅनेलच्या अध्यक्षपदावरून दूर करावं, अशी त्यात मागणी होती. पुरावा म्हणून एकच कागद जोडला होता. तो आमच्याच वेबसाइटचा स्क्रीनशॉट होता.

मी दुबईतल्या एका आर्बिट्रेशन सेंटरमध्ये पब्लिकेशन्सचं काम बघते. आर्बिट्रेशन म्हणजे लवाद. दोन कंपन्यांचं भांडण कोर्टात न जाता तीन जणांच्या पॅनेलपुढे चालतं आणि त्या तिघांचा निर्णय दोन्ही कंपन्यांवर बंधनकारक असतो. सेंटर स्वतः निर्णय देत नाही. खोल्या, तारखा, कागद आणि नेमता येतील अशा माणसांची यादी, एवढं सेंटर सांभाळतं. यादीतल्या प्रत्येकाची प्रोफाइल वेबसाइटवर असते. ती मी तयार करते. त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर सोळा वर्षं काढली.

हे प्रकरण एका आफ्रिकी बंदरातल्या धान्याच्या सायलोंचं, म्हणजे उंच कोठारांचं होतं. ते वेळेत उभे राहिले नाहीत. एका बाजूला बांधणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला बंदर चालवणारी. दोन वर्षांच्या सुनावण्या होत आल्या होत्या, शेवटची तेवढी बाकी होती. आता बांधणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की अध्यक्षबाई पूर्वी एका खाणकंपनीच्या वकील होत्या, ती खाणकंपनी आज बंदर कंपनीच्या मालकीची आहे, आणि बाईंनी हे लपवलं.

लपवलं हा शब्द इथे जड आहे. पॅनेलवर येणारा प्रत्येक जण सुरुवातीला एक निवेदन देतो. दोन्ही पक्षांशी आपला कधी काय संबंध आला, ते त्यात लिहायचं असतं. त्याला डिस्क्लोजर म्हणतात. संबंध असणं एक वेळ चालतं. न सांगणं चालत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये जस्टिस म्वाले यांच्या फोटोखाली एक रकाना होता, 'की क्लायंट्स', म्हणजे प्रमुख अशील. त्यात त्या खाणकंपनीचं नाव होतं.

आमचे रजिस्ट्रार थॉमस सर कोट्टायमचे. ऑफिसमधल्या भारतीयांशी ते हिंदीत बोलतात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"नीलिमा, ये क्या है? जज को क्लायंट कहाँ से आया?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

प्रश्न बरोबर होता. जस्टिस म्वाले यांनी आयुष्यात कधी वकिली केलेली नाही. वडील तळ्याकाठच्या एका गावात शाळामास्तर. कायदा शिकल्यावर त्या सरकारच्या कायदा खात्यात मसुदे लिहायला लागल्या आणि तिथून थेट मॅजिस्ट्रेट झाल्या. मग हायकोर्ट. मधली काही वर्षं विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. दोन देशांच्या मधल्या नद्या आणि तळ्यांवर हक्क कोणाचा, हा त्यांचा विषय. त्यावर दोन पुस्तकं आहेत. मग सुप्रीम कोर्ट, मग प्रादेशिक न्यायालय. निवृत्तीनंतर लवाद. त्यांचा सीव्ही एकोणीस पानांचा आहे. त्यात अशील हा शब्द नाही.

उत्तर द्यायला दहा दिवस होते. त्याच सुमारास त्यांच्या देशाने एका मोठ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी त्यांचं नाव पुढे केलं होतं. हितसंबंध लपवल्याबद्दल लवादातून काढलेल्या न्यायाधीशाला तिथल्या निवडणुकीत देशांची मतं पडत नाहीत. सायलोंचं प्रकरण नव्या अध्यक्षापुढे पुन्हा पहिल्यापासून चालवता आलं असतं. बाईंची चाळीस वर्षं पुन्हा पहिल्यापासून होणार नव्हती.

मी मार्केटिंगला विचारलं, रकान्यात नाव कोणी टाकलं. मार्केटिंग म्हणालं, मजकूर लीगलचा. लीगल म्हणालं, वेबसाइट मार्केटिंगची. आयटी म्हणालं, वेबसाइट बाहेरच्या व्हेंडरची, कोणी कधी काय बदललं याचा लॉग त्याच्याकडेच असतो. प्रत्येकाने उत्तर ईमेलवर दिलं आणि प्रत्येकाने बाकीच्यांना कॉपी केलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्या एका प्रश्नावर एकतीस ईमेल झाले होते. उत्तर एकाही ईमेलमध्ये नव्हतं.

व्हेंडर रामी नावाचा लेबनीज माणूस. ऑफिस शारजात. फोनवर अत्यंत गोड, प्रत्येकीला 'हबीबती' म्हणजे 'लाडके' म्हणणारा.

"लॉग? हबीबती, काही प्रॉब्लेम नाही. इन्शाल्ला, उद्या."

उद्या म्हणजे गुरुवार. गुरुवारी त्याने फोन उचलला नाही. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम चालतं. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही दिवस सुट्टी. हे मला माहीत होतं. तरी मी शुक्रवारी चार वेळा फोन केला. दहातले पाच दिवस रविवारी संपले.

मधल्या वेळात मी छापील पुरावे जमा केले. प्रोफाइल साइटवर चढवण्याआधी तिची पीडीएफ संबंधितांकडे मंजुरीसाठी जाते. जस्टिस म्वाले यांनी अकरा महिन्यांपूर्वी ती वाचून एक स्वल्पविराम दुरुस्त केला होता आणि मंजुरी कळवली होती. त्या पीडीएफमध्ये 'की क्लायंट्स' हा रकानाच नव्हता. तो फक्त वेबसाइटवर दिसतो. म्हणजे बाईंनी ते नाव कधी पाहिलंच नव्हतं. ही एक गोष्ट पक्की झाली. नाव बाईंकडून नाही, आमच्याच साइटवर चढलं होतं. माझी खात्री होती, व्हेंडरच्या माणसांनी घोळ केला आहे. थॉमस सरांना मी तसं सांगितलंही.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये अर्ज करणाऱ्या कंपनीचे वकील भेटले. मकरंद त्यांचं नाव, पुण्याचेच. गणपतीत ओळख झालेली. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"नीलिमाताई, आमचं पर्सनल काही नाही हं," ते मराठीत म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय, आम्ही नुसतं वाचलं. आता तुमच्या सेंटरने चूक मान्य केली तरी पंचाईत, नाही केली तरी पंचाईत. बाईंनीच राजीनामा दिला तर सगळ्यांचाच त्रास वाचेल. आपली माणसं म्हणून सांगतोय."

प्रकरण चालू असताना एका बाजूच्या वकिलाने सेंटरच्या माणसाशी खासगीत त्याबद्दल बोलायचं नसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

"मकरंद, हे मला लिहून कळवावं लागेल."

"अहो, लिफ्टमधलं बोलणं!"

"सोळाव्या मजल्यापर्यंतचं बोलणं," मी म्हणाले.

मी ते लिहून थॉमस सरांना दिलं. त्यांनी ते दोन्ही पक्षांना पाठवलं. त्यानंतर मकरंद लिफ्टमध्ये फोनकडे बघत उभे राहतात.

दुपारी दोन वाजता रामीचा लॉग आला. एक एक्सेल शीट. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची, वेळ दुपारी चार बावन्न. रकाना: की क्लायंट्स. बदल करणाऱ्याचं युजरनेम माझं होतं.

मी शीट दोनदा पाहिली. मग आठवलं.

नवी साइट दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती. बासष्ट प्रोफाइल मी एकटीने भरत होते. फॉर्म वकिलांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला होता. 'की क्लायंट्स'पुढे लाल तारा होता, म्हणजे रकाना सक्तीचा. रिकामा ठेवला तर प्रोफाइल सेव्ह होत नव्हती. 'एन-ए' लिहिलं, म्हणजे लागू नाही. फॉर्मने ते परत केलं: किमान दहा अक्षरं हवीत. रामीला फोन केला, लागला नाही. मग मी एकोणीस पानांच्या सीव्हीत एखाद्या कंपनीचं नाव सापडतं का, ते शोधलं. एकच सापडलं, सतराव्या पानावर. ते कॉपी केलं, रकान्यात टाकलं आणि सेव्ह दाबलं. उद्या दुरुस्त करायचं, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी साइट सुरू झाली. थॉमस सरांनी केक आणला.

आता सतरावं पान नीट वाचलं. वीस वर्षांपूर्वी त्या खाणीचं सांडपाणी तळ्यात जात होतं म्हणून मच्छीमारांनी कंपनीवर खटला भरला होता. तेव्हा विद्यापीठात असलेल्या म्वाले यांच्याकडे न्यायालयाने कायदेशीर मत मागितलं. अशा तज्ज्ञाला 'अमिकस' म्हणतात, न्यायालयाचा मित्र. तो कोणत्याच पक्षाचा नसतो. म्वाले यांचं मत कंपनीच्या विरोधात गेलं होतं. कंपनी हरली होती. खटल्याचं नाव त्यांच्या डिस्क्लोजरमध्येही होतं, तिसऱ्या परिच्छेदात. मकरंदच्या अर्जात त्या परिच्छेदाचा उल्लेख नव्हता.

मी थॉमस सरांच्या केबिनमध्ये गेले आणि शीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी सुचवलं ते असं: उत्तरात 'टेक्निकल एरर' लिहू, नाव कोणाचंच नको. माझा व्हिसा सेंटरचा आहे, नोकरी गेली तर तोही जातो, हेही त्यांनी सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं.

"सर, ते लॉग मागतील."

"मागू देत."

"मग त्यात माझं नाव निघेल, आणि आपण तेही लपवलं असं होईल. लपवण्याचाच तर आरोप आहे."

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, जस्टिसना आधी सांग. मी सांगणार नाही.

व्हिडिओ कॉल साडेचारला लागला. जस्टिस म्वाले घरी होत्या. मागे पुस्तकांची भिंत, हातात चहाचा कप. मी लाल तारा, दहा अक्षरं, सतरावं पान, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मिसेस नीलिमा," त्या शेवटी म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला एकही अशील मिळाला नाही. तुम्ही एका दुपारी मिळवून दिलात. आणि तोही मी हरवलेला."

मी माफी मागितली.

"सतरावं पान तेव्हा वाचलं होतं?"

"नाही. फक्त कंपनीचं नाव शोधलं."

"मग तेवढंच लिहा. 'वाचलं नाही, नाव शोधलं.' त्याहून जास्त सुंदर काही लिहू नका."

त्या रात्री जेवताना मुलीने विचारलं, एवढं काय झालंय. मी थोडक्यात सांगितलं. ती अकरावीत आहे. "आई, यू शुड हॅव जस्ट रिटन एन-ए," ती म्हणाली. मी तिला दहा अक्षरांचं सांगितलं. "देन राइट इट फाइव्ह टाइम्स."

माझं निवेदन दीड पानाचं झालं. त्यासोबत लॉग, मंजुरीची पीडीएफ, सतरावं पान आणि डिस्क्लोजरचा तिसरा परिच्छेद जोडला. थॉमस सरांनी निवेदनातलं एकच विशेषण काढलं. नवव्या दिवशी ते दोन्ही पक्षांना गेलं. मकरंदनी अपेक्षेप्रमाणे लॉगची मूळ प्रत मागितली. ती एका तासात दिली, कारण आमच्याकडे होती.

असे अर्ज पॅनेलपुढे जात नाहीत. सेंटरची तीन जणांची वेगळी समिती ते ऐकते. समितीने बारा दिवस घेतले. निर्णय चार पानांचा होता. खटल्याचा उल्लेख डिस्क्लोजरमध्ये होता, अशील असल्याचा कोणताही पुरावा नाही, वेबसाइटवरची नोंद सेंटरच्या कर्मचाऱ्याने केली आणि जस्टिस म्वाले यांना ती माहीत नव्हती, असं त्यात होतं. अर्ज फेटाळला. मला एक लेखी वॉर्निंग मिळाली. ती माझ्या फाइलमध्ये आहे.

शेवटची सुनावणी पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी झाली. जस्टिस म्वाले अध्यक्षस्थानी होत्या. मकरंदनी अडीच तास युक्तिवाद केला. बाईंनी त्यांना एकदाही थांबवलं नाही, उलट चहानंतर दहा मिनिटं वाढवून दिली.

रकान्याचा लाल तारा काढण्यासाठी मी रामीला चेंज रिक्वेस्ट पाठवली. तिला मार्केटिंग आणि लीगल दोघांची मंजुरी लागते. रिक्वेस्ट आजही 'पेंडिंग' दाखवते.

खाणकंपनीचं नाव मी त्याच आठवड्यात काढलं. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून इंग्रजीत 'नन' लिहिलं, म्हणजे कोणीही नाही. चारच अक्षरं, फॉर्मने परत केलं. तिथे काय लिहावं, असं मी जस्टिस म्वाले यांना ईमेलवर विचारलं. सतरा मिनिटांत उत्तर आलं: 'आय वॉज अ जज.' इंग्रजीत, मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून, चौदा अक्षरं होतात. फॉर्मने ते घेतलं.