गाडीत शिकलेलं गाणं

"इथून," असं म्हणून ती दोन बोटं माझ्या पोटात खुपसायची. "घशातून नको, इंडिया. घशातून बाळ निजवतात. मेलेल्याला पोटातून हाक मारायची."

इंडिया म्हणजे मी. माझं नाव तिला शेवटपर्यंत जमलं नाही. मीही तिला माई म्हणायची, तेव्हा फिटंफाट. ऑस्ट्रेलियात टूवूंबाला लेकाकडे राहायला आले तेव्हा ही शेजारीण कुंपणावरून लिंबं द्यायला आली. ग्रीसच्या डोंगरातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दोघींचं इंग्रजी सारखंच तोडकं, त्यामुळे एकमेकींचं सगळं कळायचं.

तिच्या गावात माणूस गेलं की बायका त्याच्या उशाशी बसून गातात. एक ओळ एकीने, पुढची दुसरीने. मेलेल्याला विचारायचं, वेली आता कोण छाटणार, किल्ली कुठे ठेवलीस, न सांगता का निघालास. माई आईसाठी गायली. नवरा इथे गेला, त्याच्यासाठी एकटीच गायली. मुलगा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. गावाकडची धाकटी बहीण गेली, तिच्यासाठी फोनवर गायली. फोन ठेवला आणि तिच्या ध्यानात आलं, आता आपल्यासाठी गाणारं कोणी उरलं नाही.

"मुलगा आहे ना तुझा?" मी म्हटलं.

"तो गिटार लावेल. रेकॉर्डवरची." मुलगा लहान असताना शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, घरी इंग्रजीच बोला. हिने ऐकलं. "मीच त्याची जीभ कापली. आता मी मुकी जाणार, इंडिया."

मग मी शिकते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

एकदा तिच्या स्वयंपाकघरात मी सहज गुणगुणले, तर हातातला डाव टाकून धावली, दंडाला धरून मला अंगणात काढलं आणि माझ्यावर तीनदा थू थू केलं. नांदत्या घरात हे गाणं म्हटलं तर घरातलं माणूस जातं म्हणे. हसाल तुम्ही, पण तिन्हीसांजेला रडणाऱ्या पोरीला आपण गप्प करतो, ते कशाला? मला तिथल्या तिथे पटलं.

मग गाडी. गाडी म्हणजे काही घर नव्हे. दर गुरुवारी सकाळी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये काचा वर करून आम्ही दोघी म्हाताऱ्या गळा काढायचो. एकदा एका बाईने काचेवर टकटक केली.

"आर यू ओके, लव्ह?"

"नो वरीज. वी आर ओन्ली प्रॅक्टिसिंग," माई म्हणाली आणि काच वर. "पुन्हा, इंडिया!"

त्या गाण्यातून तिचं गाव मला दिसायला लागलं. पाणी किती खालून आणतात, सुना कुठल्या खिंडीतून येतात, बाई गेली तर तिच्या हातमागाला काय सांगतात. आणि खरं सांगू? माझं गावही मला तिथेच कळलं. आमच्याकडे मयताला बायका हेल काढून रडायच्या, गेलेल्याचा एकेक गुण सांगत. मी चार बुकं वाचलेली, मला लाज वाटायची. त्या रडण्याला ताल होता, एकीचा श्वास संपला की दुसरी उचलून धरायची, हे मला सत्तरीत, एका ग्रीक बाईच्या गाडीत बसून समजलं.

गेल्या हिवाळ्यात माई पडली. हॉस्पिटलात भेटायला गेले तर म्हणाली, "आता म्हण."

"अगं, जिवंत आहेस तू!"

"मेल्यावर मला ऐकू येणार आहे का? चुकतेस का ते बघते. म्हण. हे काय घर नाही."

मी नाही म्हटलं. तिनेच घातलेली भीती, तिला काढता येईना. मग तिने स्वतःच पहिली ओळ सुरू केली आणि थांबली. पुढची माझी होती. नर्स धावत आली. "दुखतंय का खूप? दहापैकी किती?" माई तिच्याकडे बघेचना, माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, इतके गुरुवार घोकलेली मी, तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसले.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

अंत्यविधीला वीसेक माणसं. गिटार वाजली. ती संपल्यावर मी उठून शवपेटीपाशी गेले. माझी सून मागून पदर ओढत होती. मी म्हटलं सगळं, पोटातून. तिच्या ओळी मीच, माझ्याही मीच. एक शब्द चुकला नाही. कुणाला ऐकवत होते, देव जाणे.

बाहेर तिचा मुलगा आला. साठीचा, डोळे लालबुंद. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "थँक यू, आंटी. फार सुंदर. इंडियन होतं का?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "तुझ्या आईचं."

त्याने बरं म्हणून मान हलवली आणि पुढच्या पाहुण्याकडे वळला.