अर्धा लिटर पाणी आणि बयनाबाई

उटनूरच्या बाजारात बयनाबाईनं एकतीस वर्षं वांगी विकली आणि बाजारच्या दिवशी सहसा पाण्याला तोंड लावलं नाही. बायांना जायला जागाच नव्हती. चुकून प्यायलीच, तर शेवटचं वांगं खपेपर्यंत दम धरायची. ही विद्या पुढं कामाला येईल असं कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याला किडकी वांगी मोजून दिली असती.

मग गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघाला आणि नागपूरच्या दवाखान्यात किरणांचे पंचवीस शेक ठरले. शेकाआधी अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. मूत्राशय भरलं की आतडं सरकतं, त्याला किरणांची झळ कमी लागते. पहिल्या दिवशी बाकावरच्या बाया चुळबुळत होत्या. बयनाबाई ढिम्म. नवरा धोंडीबा सोबत म्हणून तेवढंच पाणी प्यायला आणि तीनदा धावला.

"तुमाले शेक देऊन राह्यले का?" ती हसली.

अठराव्या शेकापर्यंत हसू आटलं. जुलाब, तोंडाला चव नाही, पायांत जीव नाही. शेक तसा दुखत नाही, काही मिनिटांत आटोपतो. थकवा मात्र पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो.

एकोणिसाव्या शेकाच्या दिवशी मशीन अडलं. जाऊन या, पुन्हा प्या, पुन्हा बसा, असा हुकूम निघाला. सगळ्या उठल्या. बयनाबाईनं तासभर धरलं, शेवटी तीही गेली. परत आली ती थेट दाराकडं.

"चला गावाले. मी आता येत नाई."

"अर्ध्यात सोडलं त आजवरचं समदं पान्यात, डॉक्टरीनबाई म्हने."

"पान्याचं नाव काढू नका!"

धोंडीबानं वाद घातला नाही. "बरं. फाटकापासून रिक्षा. मंग बसस्टँड. मंग आदिलाबादची गाडी, तिथून उटनूरची."

बयनाबाई ऐकूनच थकली. "गाडीत जागा भेटन का?"

"आज लग्नाची तिथ हाय. उभं राहा लागन."

ती भिंतीला टेकली.

"घरी जायाले बी जीव लागते बापा," ती म्हणाली, आणि हळूच बाकावर बसली. "आना ती बाटली."

दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, आणखी दोन घेतले. मग तिच्या नावाचा पुकारा होईपर्यंत डोळे मिटून घेतले.