बसवून दिलेला अल्बम

गेल्या दिवाळीपासून येळवशीच्या अमावस्येपर्यंत मी बहिरा होत चाललो होतो. म्हणजे तशी माझी पक्की खात्री होती. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

सुरुवात मुलीच्या भेटीने झाली. ती पुण्याला नोकरी करते. दिवाळीला लातूरला आली ती माझ्यासाठी भलेमोठे हेडफोन घेऊन, आणि सोबत तिने माझा अल्बम शोधून माझ्या फोनवर घालून दिला. माझा म्हणजे एका परदेशी बँडचा, पण मी त्याला कायम माझाच म्हणत आलो. कॉलेजात असताना नांदेडच्या एका रेकॉर्डिंगच्या दुकानातून कोऱ्या कॅसेटवर तो भरून घेतला होता आणि त्यावर माझी अख्खी विशी निघाली. पुढे लग्न झालं, बँकेत लागलो, टेपरेकॉर्डर बिघडला, कॅसेट थोरल्या भावाकडे राहिली. त्यानंतरची कितीतरी वर्षं तो अल्बम मी नुसता डोक्यात वाजवत होतो. काउंटरवर बसून, बसची वाट बघत, दाढी करताना. एकही तुकडा विसरलो नव्हतो. तो कुठे मिळत नाही अशी माझी समजूत होती आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलाही नव्हता. डोक्यात वाजत होता, तेवढं पुरे होतं.

त्या अल्बमची सुरुवात एकट्या गिटारने होते, नळ नीट बंद न केल्यासारखी ठिबक ठिबक. मग ड्रम येतो आणि मग तो गायक. इंग्रजी अर्धं कळायचं, उरलेल्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता. पण आवाज असा की पोरगं नुकतंच पास झालंय आणि गल्लीत धावत सांगत सुटलंय. दुःखाची गाणीसुद्धा तो घाईने म्हणायचा. दुःख आहे, पण बस चुकेल, अशी ती घाई. मला ती फार आवडायची. आमच्या घरी दुःख बसून करायची पद्धत होती.

मुलीने हेडफोन कानावर चढवले. गिटार सुरू झाली. सूर खाली बसलेला. गिटार खाली, ड्रम खाली, आणि गायक तर तोच, पण जड, थकलेला, पायऱ्या चढून आल्यासारखा. सगळंच ओढत चाललेलं.

"कसं वाटलं, पप्पा?" ती समोर उभी राहून बघत होती.

"लई भारी," मी म्हणालो. आणि हेडफोन घाईने उतरवून ठेवले.

मी एवढा का घाबरलो ते कळायला माझे वडील माहीत पाहिजेत. ते नायगावजवळच्या आमच्या गावात शेती करायचे आणि भजनात गायचे. गळा खणखणीत. पन्नाशी ओलांडल्यावर एकदा भजन ऐन रंगात आलं असताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "पेटी उतरली हाय." पेटीवाल्याने एकेक पट्टी दाबून दाखवली. पेटी ठीक होती. सगळे हसले, वडीलही हसले. पण पुढे दर खेपेला त्यांना पेटी उतरलेलीच लागायची, आणि मग पेटीच काय, माणसंही ऐकू येईनाशी झाली. शेवटची कितीतरी वर्षं ते कशालाही "हाव" म्हणायचे. जेवलात का, हाव. पाऊस पडला का, हाव. आई त्यांच्याशी दिवसभर ओरडून बोलायची. ओरडून हिशेब सांगता येतो, औषध सांगता येतं. मायेचं काही ओरडून बोलता येत नाही. हळूहळू त्या दोघांत औषध आणि जेवण एवढंच बोलणं उरलं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि आता मी पन्नाशी ओलांडलेली, आणि पेटी उतरलेली.

मुलगी पुण्याला गेल्यावर मी कानाची परीक्षा घ्यायला लागलो. आधी एक जुना गझलांचा अल्बम लावला. आमच्या भागात उर्दू कानाला परकी नाही, गझल तर चहाच्या हॉटेलातही चालते. तो अल्बम मला नेहमी उन्हाळ्यात अंगणात पाणी मारल्यासारखा वाटत आलाय. गाणारा एक शब्द घेतो, फिरवतो, परत जागेवर ठेवतो, आणि तबला तोवर घरच्या माणसासारखा थांबून राहतो. तो बरोबर लागला, सूर जिथल्या तिथे. मग मुलीनेच मागे पाठवलेला एक नवा अल्बम लावला. त्यात एक बाई जवळजवळ कुजबुजते, मागे फक्त एक पेटीसारखं काहीतरी आणि खोलीचा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी म्हणालो होतो, हिच्या घरात कुणी झोपलंय काय? पण नंतर तो फार आवडला. गाण्याआधी ती श्वास घेते तोही ऐकू येतो, आणि तो श्वासच मला गाण्याहून जास्त सांगून जातो. तोही ठीक लागला. श्वाससुद्धा ऐकू आला.

शहाण्या माणसाने इथे निश्चिंत व्हायला हवं होतं. मी काय निष्कर्ष काढला? की वडिलांचंही असंच झालं होतं, एका पेटीपासून सुरुवात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर त्याचं अख्खं खटलं लागलं होतं.

बायकोला मी एवढंच सांगितलं की कानात जरा कसंतरी होतंय. तिने लगेच लसूण घालून तेल गरम केलं आणि मला आडवं करून दोन्ही कानांत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खरोखरच ऐकू येईना. मिक्सर चालू असून मुका. मी घामाघूम होऊन लातूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून बघितलं आणि विचारलं, "कानाला फोडणी कुणी दिली?" मळ होता, तो तेलाने फुगून बसला होता. त्यांनी तो काढला. खडखडाट करत जग परत आलं. पंख्याचा आवाज, बाहेर ऑटोवाल्यांची भांडणं. इतकी गोड भांडणं मी जन्मात ऐकली नव्हती. मग एका बंद खोलीत बसवून मशीनने तपासलं, टूं वाजलं की बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे.

घरी येऊन मी आधी हेडफोन चढवले. गिटार सुरू झाली. सूर खालीच.

मग मी ठरवलं की डॉक्टरांच्या मशीनला फक्त लहान-मोठा आवाज कळतो, उतरलेला सूर कळत नाही. मळाचा आणि या दुखण्याचा काही संबंध नाही. हे मी बायकोला सांगितलं नाही. ती आनंदात होती, "माझ्या तेलानंच मळ सुटला," असं शेजारी सांगत होती. मी मात्र आतून मिटत गेलो. पुढे ऐकू येणारच नाही तर आताच सवय केलेली बरी, असा काहीतरी तिरपागडा विचार डोक्यात बसला. ती बोलायला लागली की मी टीव्हीकडे बघायचो. काही विचारलं की "हं" म्हणायचो. तिने चारदा विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणायचो, "काही न्हाई." संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसायचो, ते मी सोडून दिलं. हेडफोन लावून आतल्या खोलीत बसायचो आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचो, आज आणखी किती उतरलाय ते बघायला.

येळवस आली. आमच्याकडे त्या अमावस्येला सगळं घर शेतात जाऊन जेवतं, भज्जी, उंडे, आंबील. गावाला थोरला भाऊ शेती बघतो, म्हणून आम्ही दोघं लातूरहून गाडी घेऊन गेलो. ज्वारी कमरेच्या वर गेली होती. जेवणं झाली, बायका आवरायला लागल्या आणि भाऊ मला म्हणाला, "तुझी ती कॅसेट हाय की माझ्याकडं, जीपमधी. लावू का?"

त्याची जीप जुनी आहे आणि तिच्यातला टेप त्याने अजून जिवंत ठेवलाय. मी म्हणालो, "नको, दादा." मला खरंच नको होतं. फक्त फोनवरच सूर उतरलेला लागतोय तोवर आशेला थोडी फट होती. माझ्या स्वतःच्या कॅसेटवरही तो उतरलेलाच लागला, तर मग संपलंच.

पण आमचा भाऊ कुणाचं ऐकत नाही. त्याने कॅसेट ढकलली. जरा खरखर झाली आणि गिटार सुरू झाली, ठिबक ठिबक. वर. चटपटीत. जशी माझ्या डोक्यात होती तश्शी. मग तो गायक आला, पास झालेलं पोरगं. मी बॉनेटला टेकून उभा होतो. तिथेच खाली बसलो.

"काय झालं रे? आंबील लई पिला का?"

मी खिशातून फोन काढला आणि तेच गाणं मोठ्याने लावलं. भावाने जीपचा टेप थांबवला, फोन कानाशी धरला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यो तर म्हातारा झाला की," तो म्हणाला.

"तुलाबी खाली लागतोय?"

"खालीच हाय. मला काय, बैलालाबी कळंल."

मी त्याला सगळं सांगितलं, वडिलांच्या पेटीसकट. तो हसायला लागला तो थांबेचना. "अरे येड्या, बसवून दिलता की त्यानं. मी होतो ना दुकानात तुझ्यासोबत."

आणि मग मलाही आठवलं. आम्ही साठ मिनिटांची कोरी कॅसेट नेली होती आणि अल्बम तिच्यात मावत नव्हता. दुकानदार म्हणाला, दोन्हीकडचं शेवटचं गाणं कापावं लागेल. मी हटून बसलो की एकही गाणं कापायचं नाही. शेवटी तो म्हणाला, "बसवून देतो." त्याच्याकडच्या मशीनचा वेग वाढवता यायचा. मूळ गाणी जरा पळवत वाजवायची आणि कोऱ्या कॅसेटवर उतरवायची, म्हणजे सगळी मावतात. गिऱ्हाईक खूश. सूर चढतो, पण तक्रार कोण करणार? मूळ ऐकलंय कुणी? नांदेडला त्या काळात कॅसेटी भरून घेणारे आम्ही सगळेच अशा बसवून दिलेल्या गाण्यांवर प्रेम करत मोठे झालो असणार.

म्हणजे कान ठीक होता. कॅसेट पळत होती. मी तिथे ज्वारीच्या कडेला बसून लहान पोरासारखा हसलो आणि थोडा रडलोही. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

नंतर भाऊ पाणी आणायला गेला तेव्हा मी फोनवर तो अल्बम पहिल्यांदा भीती न बाळगता ऐकला. वाईट नव्हता. उलट काही गाणी आता कुठे कळली. त्या माणसाला घाई नव्हतीच कधी. तो पास झालेला पोरगा नव्हता, माझ्या वयाचा, दिवसभर राबून आलेला गृहस्थ होता, आणि शब्द शोधत शोधत गात होता. विशीतल्या मला विशीतला गायक मिळाला आणि आता माझ्या वयाचा मिळाला. दुकानदाराचे आभारच मानायला हवेत.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीत मी बायकोला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. समोरून ऊस भरलेले ट्रॅक्टर टेप लावून चालले होते, त्यांचा धडधडाट, आमच्या इंजिनाचा आवाज, काच अर्धी उघडी. चाकूरच्या अलीकडे ती तोंड तिकडेच ठेवून, स्वतःशी बोलावं इतक्या हळू म्हणाली, "मला वाटलं, मी नकोशी झाले तुम्हाला."

मी तिला "काय?" असं विचारलं नाही. मला सगळं ऐकू आलं होतं. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.