रिकामी बॉबिन ठेवून उठायचं नाही

इंदूताईंची आणि माझी ओळख एका रिकाम्या बॉबिनने झाली. मी जांब समर्थ गावची लेक. लग्न होऊन वाटूरला आले आणि महिनाभरातच ताईंच्या शिवणवर्गाच्या दारात उभी राहिले. माहेरी आईची मशीन होती, झबल्यापासून परकरापर्यंत सगळं मी शिवलेलं होतं, त्यामुळे तोरा मोठा होता. "मशीन येते मला, थेट कटिंग शिकवा," असं मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. श्रीमती इंदुमती साळवे, म्हणजे आमच्या ताई, यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेबलाच्या खणातून एक बॉबिन काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"येते ना? मंग भर बरं ही."

बॉबिन म्हणजे सुईच्या खाली, मशीनच्या पोटात बसणारी दोऱ्याची छोटी चकरी. तिच्यात काय एवढं, असं म्हणत मी चकरी बसवली, दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि पाय जोरात चालवला. बॉबिन भरू लागली तशी सुईही खालीवर नाचू लागली. सुईतला दोरा आत गेला, गुंतला आणि मशीन कचकन थांबली. वर्गातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"सुई कामून नाचवून राह्यली, माय? तिच्या घरी वरात हाय का?" ताईंनी शांतपणे विचारलं.

मग त्यांनी माझा हात चाकावर ठेवला. चाकाच्या मधोमध एक मोठा गोल स्क्रू असतो. चाक एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने तो स्क्रू आपल्याकडे फिरवून सैल करायचा. आता पाय चालवला तर चाक फिरतं, बॉबिन भरते आणि सुई आपली गप्प उभी राहते. आईच्या मशीनवर मी इतकी वर्षं शिवलं, पण बॉबिन आईच भरून द्यायची, त्यामुळे तो स्क्रू तिथे कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, शोभेचा असेल. त्या दुपारी माझा तोरा उतरला तो उतरलाच, आणि आज मी ताईंच्याच वर्गात शिकवते.

ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या थोर गुणांवर लिहा, असं संपादकांनी मला कळवलं. मी म्हटलं, मी बॉबिनवर लिहीन. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. पण ज्यांनी ताईंना पाच मशीनींच्या मधून फिरताना पाहिलं आहे, त्यांना कळेल की थोर गुण सांगायला मला दुसरीकडे जायची गरज नाही.

हो, पाच मशीनी, आणि पाचही वेगळ्या! इतर वर्गांमध्ये सगळ्या मशीनी एकसारख्या असतात, आमच्या वर्गात मात्र जणू मशीनींचं संमेलन भरलेलं. एक काळी पायमशीन. एक तशीच, पण मोटार बसवलेली. एक पांढरी, हलकी, नव्या तऱ्हेची. तिच्या डोक्यावरच्या खुंटीवर बॉबिन घालून खुंटी उजवीकडे ढकलली की झालं, स्क्रूबिक्रू काही नाही. एक कारखान्यातली, जिचा आवाज ऐकून नवी बाई दोन पावलं मागे सरते. आणि एक जुनी हातमशीन. तिची बॉबिन गोल नसते, काडीसारखी लांब असते आणि होडीच्या आकाराच्या शटलमध्ये झोपते. ती भरताना एक बदामाच्या आकाराची चकती फिरते आणि दोरा आपोआप या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा बसवत जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास नुसती बॉबिनच भरत बसले होते. ताईंनी शेवटी दोरा काढून घेतला.

ती हातमशीन विकून टाका, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं. ताईंनी ती विकली नाही, कारण आमच्या वर्गातल्या कौसाबाईंचा पाय अधू आहे. हातमशीनला पाय लागतच नाही, एका हाताने मूठ फिरवायची आणि दुसऱ्याने कापड सरकवायचं, हे ताईंनीच हेरलं. कौसाबाई आज वाटूरमधली अर्धी झबली शिवतात.

एवढ्या वेगवेगळ्या मशीनी कशाला, असं मी एकदा विचारलं. ताई काज करत होत्या, मान वर न करता त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या शेतमजुरी सोडून जालन्याला एका शिवणकारखान्यात कामाला गेल्या होत्या. शिवणं उत्तम यायचं, पण तसली मशीन कधी न पाहिलेली. बॉबिन कशी भरायची, हे त्यांनी शेजारणीला विचारलं, मुकादमाला विचारलं. कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांना कामावरून काढून घरी पाठवलं.

"दोन मिन्टाचं काम हुतं," ताई म्हणाल्या. "शिवता येत न्हाई म्हणून न्हाई गेले मी. बॉबिनीपाई गेले. माझ्या पोरी कुठंबी बसल्या तं बॉबिनीपाई उठू नये."

कारखान्याची मशीन आज मी मुलींना शिकवते तेव्हा हे सगळं डोळ्यांपुढे येतं. तिच्या बाजूलाच बॉबिन भरायची सोय असते. तुम्ही शिवत राहा, शेजारी दुसरी बॉबिन आपोआप भरत राहते आणि भरली की थांबते. कापड नसताना भरायची असेल तर सुईतला दोरा काढायचा आणि कापड दाबून धरणारा दाब वर उचलायचा, नाहीतर कापड पुढे ढकलणारे खालचे दात दाबावर घासत बसतात. बस्स. खरंच दोन मिनिटांचं काम.

ताईंच्या वर्गाचा नियम एकच होता, आणि तो भिंतीवर लिहिलेला नव्हता. मशीनी पाच आणि आम्ही बायका वीस, म्हणजे पाळ्या आल्या. पाळी संपली की पुढच्या बाईसाठी बॉबिन भरून ठेवायची, मगच उठायचं. घरी पाहुणे आलेले असोत, बस चुकत असो, ताई दारात उभ्या राहून फक्त विचारायच्या, "भरली का?" चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग पडायचा, ताईंचं स्वतःचं घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं, तरी त्यासुद्धा बॉबिन भरल्याशिवाय उठल्या नाहीत.

आता मला जे सांगायचं आहे, ते याच नियमाबद्दल आहे, आणि त्यात माझी चूक आहे.

रेहाना माझी वर्गमैत्रीण. तिच्या अब्बांचं वाटूरच्या फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. शिवणाची सरकारी परीक्षा एकदा द्यायची, पास झाली तर पुढे काम करायचं, नापास झाली तर घरी बसायचं, असं अब्बांनी तिला बजावलं होतं. परीक्षेच्या केंद्रावर आम्हा दोघींना एकच मशीन आली, सकाळी मी आणि दुपारी ती. मला निळा फ्रॉक आला होता, तिला पांढरा शर्ट. माझा फ्रॉक असा काही सुंदर जमला की मी हवेत होते. उठताना नियम आठवला. बॉबिनवर निळा दोरा थोडा उरला होता. तो उलगडून काढायचा कंटाळा केला, त्याच्याच टोकाला पांढऱ्या दोऱ्याची बारीक गाठ मारली आणि वरून पांढरा भरला. बॉबिन अशी पांढरीशुभ्र दिसत होती की मलाच माझं कौतुक वाटलं.

रेहानाने ती विश्वासाने वापरली. दुसऱ्या बाहीवर पांढरा संपला आणि खालून निळा सुरू झाला. टीप खालच्या बाजूला, तिला दिसली तेव्हा अख्खी बाही शिवून झाली होती. उसवेपर्यंत वेळ संपला. ती नापास झाली, आणि आपणच कुठेतरी चुकलो असं समजून बसली.

ताईंनी तो शर्ट पाहिला, उलटा केला, निळ्या टिपेवर बोट फिरवलं. माझा फ्रॉक निळा होता हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चल, रेहानाच्या अब्बाकडं जाऊन येऊ." रस्त्यात एकच प्रश्न विचारला, "तू बोलशील का मी बोलू?"

मला तेव्हा ताईंचा राग आला होता, हे खरं सांगते. वाटलं, एवढ्याशा दोऱ्यासाठी मला पार फाट्यावर नेऊन उभं करतात. पण ताई बोलल्या असत्या तर त्यांनी चूक वर्गावर घेतली असती, माझं नाव आलंच नसतं, हेही मला कळत होतं. आम्ही दुकानापाशी पोहोचलो. अब्बा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. निळा, पांढरा, गाठ, सगळं.

अब्बांनी ट्यूब खाली ठेवली. "मतलब मेरी बच्ची की गलती नै?"

"बिलकुल न्हाई," ताई म्हणाल्या. "तिला अजून एकडाव बसू द्या."

अब्बांनी ओले हात पुसले. मग त्यांनी जुनी ट्यूब घेतली, कात्रीने तिची बारीक बारीक कडी कापली आणि ओंजळभर ताईंच्या पिशवीत टाकली. काळ्या मशीनच्या बॉबिन भरायच्या चकतीवर रबराचं कडं असतं. ते झिजलं की चकती चाकावर घसरते आणि बॉबिन भरत नाही. ताई ती कडी नेहमी अब्बांच्याच दुकानातून नेत असत. "घिस गये होंगे," अब्बा म्हणाले, "ले जाव. लगेंगे रेहाना को." त्यांनी हो म्हटलं होतं! मी रस्त्यातच रडले, आणि ताईंनी मला उसाचा रस पाजला.

मग सहा महिने ताईंनी रेहानाला पाचही मशीनींवर बसवलं. कापडही दिलं नाही काही दिवस. नुसतं भर, काढ, दुसऱ्या मशीनवर जा, भर. मला तिच्या शेजारी बसवून रोज जुना दोरा उलगडायला लावला. "आधी रिकामी कर, मंग भर," एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या परीक्षेला मी सोबत गेले होते, दाराबाहेर उभी. केंद्रावर तोवर नव्या पांढऱ्या मशीनी आल्या होत्या. घंटा झाली आणि आत गोंधळ उडाला. मुली चाकात स्क्रू शोधत होत्या, तो तिथे नव्हताच. एक मुलगी "मशीन बिघडली" म्हणून रडायला लागली. खिडकीतून मी पाहिलं, रेहानाने बॉबिन खुंटीवर घातली, खुंटी उजवीकडे ढकलली आणि पाय दिला. भर्रकन भरली. मला वाटलं, आता ही शिवायला बसेल. ती उठली! परीक्षेच्या बाईंना विचारून शेजारणीच्या मशीनपाशी गेली, तिला दाखवलं, मग पुढचीला, मग त्या रडणारीला. अख्खी रांग सुरू करून देऊन ती जागेवर आली आणि तिने शर्ट शिवला. शर्ट पूर्ण झाला तेव्हा फक्त एखादं बटण लावण्याइतका वेळ उरला होता.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. परीक्षेहून परतल्यावरच मी ताईंना तिखटमीठ लावून सगळं सांगितलं होतं. शर्टाबद्दल ताईंनी काही विचारलं नाही. "रांगेतल्या सगळ्यांच्या भरल्या का?" एवढंच विचारलं, आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या.

आज रेहानाचं जालन्यात स्वतःचं शिवणकेंद्र आहे. तिथे नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिच्याकडून काम करून घेत नाहीत, मशीनची ओळख करून देतात. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "निळ्या दोऱ्याचं लिहिलंस ते बराबर हाय, पण तू रडल्तीस ते कमी लिहिलंस."

गेल्या काही महिन्यांपासून ताईंचं उजवं मनगट दुखतं. चाकाचा तो स्क्रू त्यांना सैल करता येत नाही, आम्ही करून देतो, आणि त्यांना ते आवडत नाही. परवा वर्ग सुटताना त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "पंच्याहत्तरी झाली. वंदना, आता मी उठते. वर्ग तू बघ." रेहाना त्या दिवशी ताईंना भेटायला जालन्याहून आली होती. ती उठून ताईंच्या मशीनपाशी गेली, सुईखालची पट्टी सरकवली आणि बॉबिन काढून ताईंच्या तळहातावर ठेवली. रिकामी होती.

"नियम काय हाय, ताई?"

"मंग भर की," ताई म्हणाल्या.

"न्हाई भरणार," रेहाना म्हणाली. "रिकामी हाय तवर तुम्हाला उठता येत न्हाई." ताई हसल्या, आणि खरंच खुर्चीवर बसल्या.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळावं, मनगटाची कळ जावी, डोळ्यांना सुईचं नाकं दिसत राहावं, हे मागणं आम्ही सगळ्या मनापासून मागतो. पण नुसत्या मागण्यावर विसंबून राहायला तुम्ही आम्हाला शिकवलं नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. सोमवारी मी, मंगळवारी कौसाबाई, बुधवारी रेहाना, अशा सगळ्याजणी. रोज सकाळी कोणीतरी एक तुमच्या मशीनमधली बॉबिन काढणार, तिच्यावरचा शेवटचा दोरासुद्धा उलगडणार आणि ती तशीच रिकामी परत ठेवणार.

नियम तुमचाच आहे, ताई. बसा.