पाणाड्याची पहिली टिकली

घरं बांधायची होती बारा. कुणी विमानतळ बांधायला निघालं नव्हतं. पण त्या बारा घरांसाठी आधी समिती झाली, मग समितीची उपसमिती झाली, आणि मग शहरातून एक बाई आल्या आणि म्हणाल्या की घरं कुठे हवीत हे गावानेच ठरवायचं. झालं. ज्या गावाला बसथांब्याचं छप्पर कुठल्या रंगाचं असावं हे तीन वर्षांत ठरवता आलं नव्हतं, त्याच्या हातात हे काम गेलं.

पहिल्या सात बैठकांना पाणाड्या फिरकलाच नाही. ‘रिकामटेकड्यांचा बाजार,’ म्हणायचा.

पाणाड्या म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. काठी फिरवणं, डोळे मिटून पुटपुटणं असले चाळे त्याने कधी केले नाहीत आणि करणाऱ्यांना दारातही उभं केलं नाही. तो जमीन चालायचा, एक बारीक काळी पहार जागोजाग आपटायचा, कान देऊन आवाज ऐकायचा आणि शेवटी एका जागी ती रोवायचा. रोवली की विषय संपला. इथेच का, असं कुणी विचारायचं नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘तुला कळणार आहे का सांगून?’ गावाने हे चाळीस वर्षं निमूट ऐकून घेतलं, कारण पाणी लागायचं.

माणसांबद्दल त्याचं मत जमिनीइतकं चांगलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष मास्तर, म्हणजे जन्मभर पोरांना गप्प बसवून निवृत्त झाल्यावर स्वतः बोलायला मोकळे झालेले गृहस्थ. डेअरीवाला, म्हणजे दुधात पाणी आणि बोलण्यात दूध घालणारा. बाकीचे हो ला हो करणारे. हे सगळं तो त्यांच्या तोंडावर सांगायचा, वर म्हणायचा, ‘मी खरं बोलतो म्हणून लोकांना झोंबतं.’ खरं बोलण्याचा त्याला फार अभिमान होता. तो पुढे किती टिकला ते कळेलच.

फक्त लेकीपुढे त्याची जीभ जरा आवरायची. लेक गावच्या दवाखान्यात नोंदी ठेवायची, जावई बसडेपोत मेकॅनिक, आणि तीन वर्षांची नात. तिघं डेअरीमागच्या एका भाड्याच्या खोलीत राहायची. खोलीच्या भिंतीला कायम ओल. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस सुकत नसत आणि पोरीचा खोकला हटत नसे. मग बापाकडे का राहत नव्हती? राहून बघितलं होतं. सासरा आणि जावई एका छताखाली चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी पाणाड्याने जावयाला पाना कसा धरायचा ते शिकवायला घेतलं आणि सहाव्या दिवशी जावयाने सामान बांधलं.

त्या बारा घरांच्या यादीत लेकीचं नाव तिसरं होतं. जावयाला शहरातल्या एका कारखान्यात काम मिळत होतं. तो बायकोला म्हणाला होता, ‘वर्षाखेरपर्यंत थांबू. घराचं नक्की झालं तर इथेच राहू, नाही तर जाऊ.’ आणि लेकीला जायचं नव्हतं. म्हणून तिने आठव्या बैठकीला बापाला ओढून नेलं.

“बाबा, तुम्ही नुसते या. कुणाला काही बोलू नका.”

“नुसतं यायला मी काय खुर्ची आहे?”

पण गेला.

शाळेच्या मोठ्या खोलीत चार बाकं जोडून त्यावर गावचा नकाशा पसरला होता. शहरातल्या बाईंच्या चेहऱ्यावर समोरच्याला आधीच समजून घेतल्याचा भाव होता. त्या म्हणाल्या, “इथे कुणाचंच मत चुकीचं नाही.”

“मग विचारता कशाला?” पाणाड्या मागून म्हणाला. लेकीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कुरकुरणाऱ्या पोरीला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली.

गावाच्या मालकीच्या चार मोकळ्या जागा नकाशावर हिरव्या रंगवल्या होत्या. एकेकाला एकेक लाल, गोल, चिकटणारा कागद मिळणार होता. बायकांनी त्याला टिकली म्हटलं आणि मग सगळेच टिकली म्हणू लागले. जिथे घरं व्हावीत असं वाटतं तिथे आपली टिकली लावायची. त्याआधी ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं.

मास्तर उठले. घरं व्हायलाच हवीत, तरुण पिढी टिकली पाहिजे, वगैरे वगैरे. फक्त शाळेजवळ नकोत, मुलांचं मैदान जाईल. मैदानाला लागून मास्तरांचा बंगला होता, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मग डेअरीवाला उठला. घरं पाहिजेतच, पण डेअरीमागे नकोत, गाड्या वळायला जागा लागते. डेअरीला गाडी होती एक.

“आणि हा माळ?” बाईंनी तिसऱ्या जागेवर बोट ठेवलं. ती पाणाड्याच्या शेडमागची जागा, त्याच्या मागच्या भिंतीला लागून.

“तिथे माझे पाइप आहेत,” पाणाड्या म्हणाला.

होतेच. पंधरा वर्षं गावाच्या जागेत त्याचे बोअरचे पाइप आणि मोडकी यंत्रं गंजत पडली होती. संध्याकाळी तो माळाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा. तिथून एकही माणूस दिसत नसे, म्हणून ती जागा त्याला आवडायची. खाली कडक मुरूम, पाऊस पडला तरी तासाभरात कोरडी. सगळ्या गावात तिच्यासारखी जमीन नव्हती आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती.

“काका, तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ,” बाई म्हणाल्या आणि पहिली टिकली त्याच्या बोटावर दिली.

तो नकाशापुढे उभा राहिला. सगळे गोळा झाले. त्याला एकेकाचा चेहरा दिसत होता आणि एकेकाची किळस येत होती. सगळ्यांना घरं हवीत आणि कुणालाच आपल्या भिंतीशी नकोत. ढोंगी लेकाचे. जा मग बेडकांशेजारी, तीच तुमची लायकी. चौथी जागा होती खालचा पट्टा. वरून गवत, दिसायला झकास. खाली चिकणमाती आणि हातभरावर पाणी. एकदा त्याने तिथे पहार टाकली होती तेव्हा ती नुसत्या वजनाने आत गेली होती. त्याने टिकली त्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध लावली, अंगठ्याने दाबली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडला.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं आणि पोट धरून हसला.

बायको भांडी लावत होती. “आणि त्यांनी खरं मानलं तर?”

“गाढव आहेत, पण इतके नाहीत.”

होते. चौऱ्याहत्तर टिकल्यांपैकी एकसष्ट खालच्या पट्ट्यात पडल्या. पाणाड्याने जागा दाखवली, मग विचारायचं काय? चाळीस वर्षं त्याने लोकांना हीच तर सवय लावली होती. पहार रोवली काय आणि अंगठा दाबला काय, त्यांच्या लेखी एकच. शिवाय ती जागा कुणाच्याच भिंतीला लागून नव्हती, त्यामुळे विश्वास ठेवायला सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्यातून परस्पर आली. “बाबा, तुमच्यामुळे ठरलं एकदाचं.” तिने कॅलेंडरच्या पाठीवर घर काढून आणलं होतं. इथे ओटा, इथे पोरीची खाट, आणि इथे उन्हाच्या बाजूला मोठी खिडकी. जमीन कशी आहे असं तिने विचारलं नाही. बापाने दाखवलेली जागा, ती कशाला विचारील?

पाणाड्याने कागद उलटसुलट केला. “बघू,” म्हणाला.

आणि इथे त्या खरं बोलणाऱ्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली. आज सांगू, उद्या सांगू करत चार महिने गेले. सांगायचं म्हणजे त्याच खोलीत जायचं, त्याच मास्तरांपुढे उभं राहायचं आणि मी चेष्टा केली असं म्हणायचं. त्यापेक्षा त्याने स्वतःची समजूत घातली की कुणी तरी शिकलेला माणूस येईल, खड्डा घेईल आणि आपोआप कळेल. शिकलेला माणूस आला. उन्हाळ्यात आला, बुटाला माती लागू नये म्हणून बांधावर उभा राहिला, चार फोटो काढले आणि चहा पिऊन गेला. पुढच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर बारा घरांचे आराखडे लागले. तिसऱ्या घराला उन्हाच्या बाजूला मोठी खिडकी होती; लेकीने सांगून आखून घेतली होती.

ती खिडकी बघितली आणि त्याला राहवलं नाही. शेवटच्या मंजुरीच्या बैठकीत तो उठला.

“ती जागा वाईट आहे. खाली पाणी आहे. मी तिथे टिकली चेष्टेत लावली होती.”

लेक पुढच्या बाकावर होती. तिने मान वळवली नाही.

“चेष्टेत?” मास्तर म्हणाले. “आम्ही इथे दोन वर्षं चेष्टा करतोय का?”

“चार महिने तोंडात काय धरलं होतंस?” डेअरीवाल्याने विचारलं. “तिथे बोअर मारायचं असेल तुला, दुसरं काय.”

बाईंनी आवाज मऊ केला. “काका, पण ही लोकांची निवड आहे.”

“लोकांनी काय निवडलंय? लोकांनी माझा अंगठा बघितला.”

पुन्हा गलका झाला. तो बाहेर पडला. घरी जाऊन पहार आणि फावडं घेऊन आला आणि सरळ खालच्या पट्ट्याकडे चालू लागला. गंमत बघायला म्हणून सगळं गाव मागे. हातभर खड्डा घेईपर्यंत मास्तर रीतसर अर्ज, ठराव आणि शिस्त यांवर बोलत होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत खड्ड्यात पाणी जमलं होतं आणि मास्तरांचा डावा बूट घोट्यापर्यंत रुतला होता. तो काढायला दोन माणसं लागली. पाणाड्याने आयुष्यात पहिल्यांदा हसायची संधी सोडली.

ठराव रद्द झाला. बाईंनी सांगितलं की आता सगळं पहिल्यापासून: नवी सूचना, नवा नकाशा, तीन फेऱ्या. कारण लोकांचा सहभाग पूर्ण झाला पाहिजे. तो पूर्ण होईपर्यंत वर्ष संपणार हे दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं.

वर्ष संपलं. जावयाने कारखान्याला होकार कळवला. त्याने टेम्पो बोलावला, खाट चढवली, शिलाई मशीन चढवलं. लेकीने दवाखान्याच्या नोंदवह्या सोपवल्या, खोलीची किल्ली डेअरीवाल्याला दिली आणि आईबापाच्या पाया पडली. “पोहोचले की फोन करते,” म्हणाली. रागावली असती तर पाणाड्याला बरं वाटलं असतं.

नव्या फेरीत तो न बोलावता गेला. बाई त्याच, बाकं तीच. पहिली टिकली त्याच्या हातात आली आणि सगळी खोली त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. हातभरावर पाणी लागलेलं बघूनही या माणसांना अक्कल आली नव्हती. त्याने माळावर टिकली लावली, आपल्या मागच्या भिंतीला अगदी खेटून.

“इथे का, ते सांगतो,” तो म्हणाला. आणि सांगितलं. मुरूम, उतार, पाणी कुठे वाहून जातं, सगळं. कुणी ऐकलं नाही. त्याचं वाक्य संपायच्या आत टिकल्यांची रांग लागली होती.

पाइप त्याने स्वतः हलवले. वर्षभरात जुन्याच आराखड्यांवरून बारा घरं उभी राहिली. सरळ, कोरडी, एका ओळीत. यादीतलं तिसरं नाव गळालं होतं, म्हणून तिसरं घर मास्तरांच्या पुतण्याला गेलं. पुतण्या ऐतखाऊ. दिवसभर रेडिओ लावून बसायचा आणि उन्हाच्या बाजूच्या त्या मोठ्या खिडकीला त्याने आतून वर्तमानपत्र चिकटवलं होतं, डोळ्यावर ऊन येतं म्हणून. पाणाड्याची खुर्ची आता भिंतीच्या अलीकडे आली. समोर ती खिडकी.

लेक सुट्टीत एका दिवसासाठी आली. जेवण झाल्यावर मागच्या दारी जाऊन उभी राहिली. मग भिंतीला वळसा घालून घरांच्या रांगेतून चालत गेली, तिसऱ्या घरापुढे थांबली, पायाने जमीन दाबून बघितली आणि परत आली. बाप खुर्चीवर बसला होता.

“बाबा, ही जागा चांगली आहे, हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?”

असल्या प्रश्नाचं उत्तर त्याने चाळीस वर्षं एकच दिलं होतं. तुला कळणार आहे का सांगून.

“होतं,” तो म्हणाला.

लेकीने मान हलवली. मग पोरीला हाक मारून चपला घालायला सांगितलं. चारची बस होती.