आखाजीच्या दिवशी मायची घागर

भूत, चकवा, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. ऐंशी उलटली, आताही मानत नाही. या सदरातले अनुभव नातसून मला वाचून दाखवते, तेव्हा निम्म्यात माझा डोळा लागतो. तरी आज मीच तिला हे लिहून घ्यायला बसवलंय. आता आणखी किती वर्षं पोटात ठेवायचं?

आमचं गाव ब्राह्मणपुरी, शहाद्याजवळ. दुसरं महायुद्ध चालू होतं, दिव्याला रॉकेल मिळायचं नाही. वडील आधीच गेलेले. घरात मी आणि माय. धाकटी बहीण सखू सासरी, अक्कलकुव्याला.

माय तोंडाची भारी फटकळ. म्हशीला तिनं माझ्या आत्याचं नाव ठेवलं होतं. आत्या माहेरी येऊन जेवायला बसली, की माय गोठ्यातून ओरडायची, “चंद्रे, सरक तथा! कितलं खास वं!” ‘किती खातेस’ हे ऐकून आत्याचा घास हातातच राहायचा. मग हीच माय आत येऊन तिच्या ताटात बळंच तूप ओतायची.

फाल्गुनात मायला ताप भरला. वैदबुवांनी बजावलं – पाण्याचा थेंब द्यायचा नाही, ताप डोक्यात चढेल. तेव्हा सगळे असंच करायचे. मी माठ उचलून ओसरीवर नेऊन ठेवला.

“पोऱ्या, पानी दे.”

“वैदबुवा नही म्हनतस, माय.”

“त्याले सांग, तू ऱ्हाय बिगर पानीना. मंग मन्ही नाडी धर.”

एवढ्या तापातही तिनं मला हसवलं. दुसऱ्या दिवशी आवाज पार बसला होता. “बैलसले पानी दावस... अन् मायले नही?”

मला ते ऐकवेना. मी ओसरीवर माठाशेजारी जाऊन बसलो. आत गेलो तेव्हा ती गेलेली होती.

सखू आली. रडता रडता तिनं पहिलं हेच विचारलं, “भाऊ, सेवटले पानी पाजं ना?”

“पाजं,” मी म्हणालो. “गंगाजल पाजं.”

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. मायची ही पहिलीच. कोरी घागर पाणी पिते, म्हणून आदल्या दिवसापासून ती पाण्यात बुडवून ठेवली होती. सकाळी सखूनं ती गव्हावर मांडली, काठोकाठ भरली, तोंडावर खरबूज ठेवलं. दुपारी निखाऱ्यांवर पुरणपोळी-तूप टाकून मी मायचं नाव घेतलं. घरात आम्ही दोघंच, घागरीसमोर बसलेले.

सखूनं खरबूज उचललं आणि तशीच उभी राहिली. घागरीत पाणी नव्हतं. तळाला नुसती ओल. खालचे गहू मी मुठीत घेऊन पाहिले – कोरडे ठणठणीत.

“फुटकी दिधी त्या मेल्यानी!” म्हणत सखू घागर कमरेवर घेऊन कुंभाराशी भांडायला निघाली. मी मागोमाग. कुंभारआबांनी घागर भरली, दगडावर ठेवली आणि चिलीम ओढत बसले. थेंब पाझरला नाही.

“बाई, मन्ही घागर चांगली शे,” ते म्हणाले. “तुमना घर कोनले तहान लागेल शे, ते दखा.”

सखू हसली. मला हसता आलं नाही. घरी येऊन या खेपेला मी माझ्या हातानं घागर भरली. संध्याकाळपर्यंत ती तशीच भरलेली राहिली.

उन्हानं आटलं म्हणावं, तर ऊन दोन्ही वेळेला तेच होतं. मांजर-पाहुणा कुणी फिरकलं नव्हतं. पुष्कळ डोकं चालवलं... आता चालत नाही.

गंगाजलाची गोष्ट सखूनं पुढे आपल्या मुलांना, सुनांना सांगितली. मी शेजारी बसून मान हलवायचो. तिला समाधान होतं आणि माझी सोय होती. यंदा तीही गेली. आता खरं ऐकून दुखावेल असं कुणी उरलं नाही.

घागर कशी रिकामी झाली, ते मला सांगता येत नाही. माय तहानलेली गेली, हे सांगता येत होतं. ते मी सांगितलं नाही.